मथीचं पहिलं वेत

आक्का,

तुझ्या अंगावर घातलेली शेवटची साडी मी आणली. माहेरची साडी भावानंच आणायची असते, म्हणून तुझ्या संतोषचा फोन आल्यावर मी आधी शिक्रापुरात दुकानात गेलो आणि मग तुझ्याकडं निघालो. दुकानदारानं नुकतं शटर वर केलं होतं. त्यानं विचारलं, "कुणासाठी?" म्हटलं, बहिणीसाठी. "नेसायची का द्यायची?" मला कळेना काय सांगावं. म्हटलं, नेसायची. त्यानं गादीवर ढीग घातला. "ही घ्या. कितीबी धुवा, रंग गेला तर मी इथंच बसलोय." मी हिरवी, बारीक काठाची उचलली. पिशवीत घालताना तो म्हणाला, "ताईंना आवडली नाही तर घेऊन या त्यांना, बदलून देऊ."

मी मान हलवली आणि बाहेर पडलो. एका वाक्याचं काम होतं. बहीण गेली, तिच्यासाठी पाहिजे. तेवढंही माझ्या तोंडातून निघालं नाही.

तुझ्या दारात पोचलो तर तुमच्या भावकीतल्या बायका रडता रडता एकच बोलत होत्या. "नशीबवान बाई. काम करता करता गेली. सवाष्ण गेली." मला ओरडावंसं वाटलं. यात नशीब कसलं? दिवाळीच्या आधीपासून दम लागणारी बाई पौषातल्या थंडीत पहाटेच्या धारा काढते, हौदावर बसून गार पाण्यात बादल्या विसळते आणि तिथंच कलंडते, याला नशीब म्हणायचं असेल तर दवाखाने बंद करा आणि तिथं बादल्या विकायला ठेवा. पण मी टोपी हातात धरून उभा राहिलो. कुणीतरी म्हणालं, "बापूला लई लागलंय, बघा कसा गप झालाय." आक्का, मी गप्प झालो नव्हतो. मी गप्पच असतो.

दहाव्याला सगळे म्हणाले, आक्कावर चार चांगले शब्द लिही, तुला लिहिता येतं. चांगले शब्द लिहिणारे पुष्कळ भेटतील. मला तुझा राग आलाय आणि तो तुलाच सांगायचाय. तुझ्यापेक्षा जास्त माझा आलाय, तोही सांगतो.

आपल्या घरची ती रीत बाहेरच्याला सांगितली तर खरी वाटत नाही. तुझ्या लग्नात आबांनी तुला गंगी आंदण दिली. पांढरी, कपाळावर करडा चांद. ती तुझ्याबरोबर भीमेच्या पलीकडं, दौंड बाजूला गेली. तिकडं तिला कालवड झाली, कालवड वाढली, गाभण राहिली, आणि त्या भाऊबीजेला तू आबांसमोर येऊन बसलीस.

"आबा, हिचं पहिलं वेत इथं करायचं."

"का? तिकडं गोठा न्हाई व्हय?"

"गोठा हाय. पर पहिलं बाळंतपण माहेरात असतं. बाईला असतं, मग हिला का न्हाई?"

"अगं, गाय हाय ती."

"आंदणाच्या गाईची लेक हाय. तिचं माहेर हेच."

आबांना हसून हसून ठसका लागला. "आण बाई, आण. डोहाळजेवण पण घालू का?"

"घाला की. लसूणघास घाला कवळा," तू म्हणालीस, आणि हसली नाहीस.

तेव्हापासून गंगीच्या वंशातली प्रत्येक कालवड पहिल्या वेताला आपल्याकडं आली. तू फाल्गुनात गाभण राहायचं इंजेक्शन द्यायला लावायचीस, म्हणजे दिवस बरोबर थंडीत भरायचे. थंडीत तुझ्याकडचं रान पेरून झालेलं असायचं. पुढं पुढं रंग बदलत गेला, पांढऱ्याची काळीबांडी झाली, शिंगं गेली, दूध वाढलं, पण तू प्रत्येकीचं कपाळ दाखवून म्हणायचीस, चांद बघ, तोच हाय. मला कधी चांद दिसला, कधी नुसताच डाग दिसला. मी हो म्हणायचो.

महिना बाकी असला की टेम्पो यायचा. हौद्यात कालवड, आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तू उभी. पुढं ड्रायव्हरशेजारी बस म्हटलं तर म्हणायचीस, "बुजती ती. माझ्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई." वडगाव रासाईला टेम्पो थांबवून कालवडीला पाणी आणि तुला चहा, हे ठरलेलं. आणि मग कालवड व्यायची, वासरू तुरुतुरु चालायला लागायचं, दूध सुरळीत व्हायचं, तोवर तू राहायचीस. तुझ्या सासूबाईंना यावर काही बोलता येत नव्हतं. सुनेला माहेरी पाठवायला त्यांनी दहा कारणं काढून अडवलं असतं. गाईला कसं अडवणार?

भाऊबीजेला तू यायचीस ती दुपारी, आणि संध्याकाळच्या धारेला परत. ओवाळायचं, जेवायचं, पळायचं. पण कालवडीबरोबर आलीस की तू गोठ्यासमोरच्या उन्हात गोधडी टाकून दुपारची झोपायचीस. तोंडावर पदर, एक हात लांब करून कालवडीच्या खुराजवळ. आई म्हणायची, "उठवू नका तिला. कालवड बघतीये ती." मग आई आणि मी दोघंही आवाज न करता घरात जायचो. सासरी तुला दिवसा झोपलेलं कुणी पाहिलं नसेल.

म्हणजे मला माहीत होतं. हे पहिलं कबूल करतो. कालवडीचं माहेर हा सगळा बहाणा होता, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुलाही माहीत होतं की मला माहीत आहे. मग एवढी वर्षं आपण दोघं कुणापासून लपवत होतो?

फोनवरही तेच. "गाई कशा हायत?" "बऱ्या." "आन् बाकी?" "बाकी बरं." तू आजारी असलीस की गाय चारा खायची नाही. मी अडचणीत असलो की वैरण महाग व्हायची. मला वाटायचं, आपल्याला किती न बोलता कळतं. आता वाटतं, एकदा तरी गाय बाजूला सारून बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

आणि भांडायचो तेही गाईवरूनच. आठवतं ना, काळ्या हरणीचं वेत? सकाळी ऊन गोठ्यात आलं तेव्हा ती व्याली. गोऱ्हा झाला, ओला, थरथरणारा. तू त्याचं नाक साफ केलंस, पोत्यानं अंग खसाखसा पुसलंस आणि पहिल्या दुधाचा चीक काढायला वाटी घेऊन कासेखाली बसलीस. आबा दारातून म्हणाले, "उठ. वासरामागची वार पडली न्हाई अजून."

"पडंल की तिच्या तिच्या मार्गानं."

"वार पडायच्या आधी कासेला हात लावायचा न्हाई. वार आत अडकती."

"कुणी सांगितलं?"

"माझ्या बापानं."

"त्यांना कुणी सांगितलं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "बापू, सांग हिला." मी काय सांगणार? मी आबांचाच मुलगा. म्हटलं, "थांब ना आक्का थोडं. कुठं पळून चाललंय वासरू?"

तू असं बघितलंस माझ्याकडं. "पळायला पायात बळ लागतं. ते कुठनं यायचं? थंडीनं काकडतंय लेकरू आन् तुमी घाण पडायची वाट बघत बसलाय. आईचं दूध आईजवळ असून लेकरानं उपाशी राहायचं, ही कुठली रीत?"

आबा काठी आपटून उन्हात जाऊन बसले. तू उठलीस, वाटी पदराखाली घेतलीस, हरणीच्या पलीकडच्या अंगाला गेलीस. आबांना फक्त तुझे पाय दिसत असतील. मला सगळं दिसत होतं. तू दोन बोटं वासराच्या तोंडात दिलीस आणि ते वाटीतून चुटूचुटू प्यायला लागलं. तू माझ्याकडं बघितलंस. मी आबांना म्हटलं, "आबा, चहा ठेवायला सांगू का?" वार नंतर आपोआप पडली. आबा म्हणाले, "बघ, थांबलो म्हणून पडली." तू म्हणालीस, "व्हय आबा." वासराच्या नाकाला पिवळा चीक लागलेला होता.

माझं गप्प बसणं तुझ्या उपयोगी पडलं असं हे एकच आठवतं. नाहीतर पुढच्या प्रत्येक वेताला मी आबांचंच म्हणणं लावून धरलं, आबा गेल्यावर तर जास्तच. तू मला म्हणायचीस, "बापू, तू वार पडायची वाट बघणारा माणूस हायस." मी चिडायचो. ते गाईबद्दल नव्हतं, हेही मला माहीत होतं.

आता गोठ्याचं सांगतो.

आबांच्या मागं माझ्याकडची जनावरं एकेक करून गेली. आमचा अमोल सणसवाडीला कंपनीत लागला, त्याच्या आईचे गुडघे गेले, मला शाळेची नोकरी. शेवटी गोठ्यात बिबट्यासाठी लावलेली जाळी होती, गव्हाण होती आणि आत काहीच नव्हतं. आजूबाजूला सगळ्यांनी रूम काढल्या. रस्त्याला लागून जागा, कंपनीतली पोरं विचारत यायची. अमोल म्हणाला, "पप्पा, रिकाम्या गोठ्याला राखण बसायचं का आपण?" त्याचं चुकीचं नव्हतं. मी त्याच्यावर ढकलत नाही. सही माझी, जागा माझी, हो मी म्हटलं.

फाल्गुनात तुझा फोन आला होता, यंदाच्या कालवडीचा. "मथीला इंजेक्शन दिलंय. पौषात तुझ्याकडं." मी म्हटलं, "बरं." आणि त्याच उन्हाळ्यात मी गोठा पाडला. आक्का, मथी येणार हे माहीत असताना पाडला. जेसीबीनं गव्हाणीचे दगड असे उचलले, जसे काही नुसते ठेवलेले होते. मी तुला फोन करायला मोबाईल हातात घेतला, त्यात वेळ बघितली आणि परत खिशात ठेवला. वाटलं, नंतर सांगू. पावसाळ्यात सांगू. दिवाळीत समोरासमोर सांगू.

दिवाळीत काय केलं तर तू येऊन बघायला नको म्हणून भाऊबीजेला मीच तुझ्याकडं आलो. तू दारात ताट घेऊन उभी. "आज बापू आला? सूर्य कुणीकडनं उगवला रे?" मी म्हटलं, तुला दम लागतो, तू कशाला दगदग करतेस. तुझे डोळे भरून आले. मी काळजीनं आलो असं तुला वाटलं असेल. मी ओवाळून घेतलं, लाडू खाल्ला, मथीच्या पाठीवर हात फिरवला आणि गोठ्याबद्दल एक अक्षर न काढता परत आलो.

मग मार्गशीर्षातला तो फोन. तू म्हणालीस, "मथीचे दिवस भरत आलेत. गव्हाण झाडून ठिवलीस का?"

माझ्यामागं नव्या खोल्यांची निळी दारं होती. एका खोलीत कुणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती. मी म्हटलं, "आक्का, डॉक्टर म्हणतोय, भरत आलेलं जनावर टेम्पोत घालू नका. रस्त्याचं काम चालू आहे, धक्के बसतील."

मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नव्हतं.

तू म्हणालीस, "बरं. मग न्हाई आणत तिला."

आणि तू फोन ठेवला नाहीस. मला तुझा श्वास ऐकू येत होता, मध्येच खोकला. मी म्हटलं, "आणि बाकी?" तू म्हणालीस, "बाकी काय न्हाई. तुझं?" "माझं पण काय नाही." मग मीच फोन ठेवला. हायसं वाटलं मला. सुटलो, असं वाटलं. वाटलं ते वाटलं.

तुझा दहावा झाला. पाहुणे पांगले. मी राहिलो, का ते मलाही सांगता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मथीनं वैरणीला तोंड लावलं नाही. शेपटीच्या मुळाशी खड्डे पडले होते, कास टरारली होती. उठायची, बसायची, मागं वळून बघायची. मला वाटलं, तुलाच शोधतीये. मग वाटलं, प्रत्येक गाय या वेळेला मागं वळून बघते. पण संतोष म्हणाला, "मामा, आईशिवाय ही कुणाला जवळ येऊ देत न्हाई. कसं करायचं?" म्हणजे ते तरी खरं होतं. बुजती म्हणायचीस ते खरंच होतं.

तुझ्या सुनेनं, मनीषानं, तुझी जुनी साडी आणून अंगाभोवती गुंडाळली आणि मग मथीच्या जवळ गेली. मथीनं तिला हुंगलं आणि उभी राहिली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दाजी खाटेवर बसून बघत होते, त्यांनी तोंड फिरवलं.

उन्हं कलायच्या आधी पाण्याची पिशवी फुटली. पुढची दोन खुरं दिसली, त्यावर नाक. सगळं सरळ होतं, पण पहिलटकरीण, जोर कमी पडत होता. संतोष एकदम ओढायला निघाला. मी म्हटलं, "थांब. ती कळ देईल तेव्हाच, आणि खालच्या बाजूला. तिच्याबरोबर ओढ, तिच्या आधी नको." हे तुझं वाक्य होतं. तुझ्याच आवाजात निघालं माझ्या तोंडून. दोन-चार कळांत वासरू कडब्यावर आलं. मी नाक साफ केलं, नाकपुडीत काडी फिरवली. शिंकलं. मनीषा पोत्यानं पुसत म्हणाली, "कालवड हाय."

मी वाटी मागितली. संतोष म्हणाला, "मामा, वार पडू द्या की आधी. आबा म्हणायचे ना तुमचे?"

आक्का, माझाच शब्द तुझ्या मुलाच्या तोंडून परत आला. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडलो, ते तुझ्या घरातही जाऊन बसलं होतं. मी त्याच्यावर खेकसलो, "आबांना त्यांच्या बापानं सांगितलं होतं. आण वाटी." कासेखाली बसलो. पिवळा, दाट चीक. दोन बोटं तोंडात दिली आणि ती प्यायला लागली. पदर नव्हता, लपवायचंही कुणापासून नव्हतं. वार नंतर पडली. सुतकातलं घर, खरवस कुणी घेतला नसता. तू सगळी आळी खरवसावर जगवायचीस. यंदा सगळा चीक त्या कालवडीचा.

मनीषानं चहा आणला. दाजी मथीकडं बघत बघत मला म्हणाले, "पाव्हणं, तिच्या रीतीनं मथी यायची होती तुमच्याकडं, ते न्हाई झालं. आता हिचं पहिलं वेत तुमच्याकडं. तेवढं चुकवू नका."

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "दाजी, गोठा नाही राहिला. पाडला मी. तिथं रूम काढल्यात. आक्काला डॉक्टरचं सांगितलं ते खोटं होतं. मी कुणाला विचारलं नव्हतं."

बोलून झालं. इतकंच होतं ते. उन्हाळ्यापासून मानेवर घेऊन फिरत होतो, आणि चहा निवायच्या आत बोलून झालं.

दाजी म्हणाले, "म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"गोठा पाडलाय ते. दिवाळीनंतर शिक्रापूरला डॉक्टरकडं नेलं होतं तिला, तवा तुमच्यावरनंच गेलो. गाडीतनं बघितलं तिनं. निळी दारं हायत ना? मी म्हणलं, थांबवू का गाडी? तर म्हणली, नको. आपण बघितलं कळलं तर बापूला वाईट वाटंल."

मी विचारलं, "म्हणजे फोन केला त्याच्या आधी?"

"व्हय."

"मग गव्हाण झाडून ठेवलीस का, असं का विचारलं तिनं?"

"आता ते मी काय सांगू? म्हणली, बघू बापू काय म्हणतो."

मनीषा आत गेली आणि तुझी पिशवी घेऊन आली. "आत्यांनी फोन झाल्यावर भरून ठेवली होती. मी म्हणलं, मथी तर जात न्हाई, मग पिशवी कशाला? तर म्हणल्या, असू दे, बापू गाडी पाठवील एखाद्येळेस." तिनं पिशवी माझ्यासमोर रिकामी केली. तुझी दर वेळची पिशवी मला पाठ आहे. गोंड्याची म्होरकी, हळद, ओवा, गुळाचा खडा, खरवसाचा डबा. या पिशवीत त्यातलं काही नव्हतं. दोन साड्या, स्वेटर, गोळ्या, कंगवा, चष्मा. गाईचं काहीच नव्हतं.

मग न्हाई आणत तिला. तू "तिला" म्हणाली होतीस. तू येणार नाहीस असं म्हणालीच नव्हतीस. फोन तसाच धरून तू थांबली होतीस की मी म्हणेन, मथी राहू दे, तू ये.

इथं मला तुझा राग येतो, आक्का. इतका येतो की पिशवीसमोर बसून मी मनातल्या मनात तुला नको ते बोललो. तुला माहीत होतं! गोठा गेला, मी खोटं बोलतोय, सगळं माहीत होतं. मग शिव्या द्यायच्या होत्यास मला. आबांशी कासेखाली बसून भांडणारी बाई तू. माझ्याशी एक वाक्य बोलता आलं नाही तुला? बापू, मला बरं वाटत नाही, मला चार दिवस घरी ने. तुझ्यासाठी मी खोलीतून माणूस काढला असता. नाही, तेही लागलं नसतं, आमच्या घरात जागा होती. माझी परीक्षा कशाला बघत बसलीस? मी कुठली परीक्षा पास झालो होतो आजवर? आजारी माणूस परीक्षा घेतं का?

आणि मग राग फिरून माझ्यावर येतो, तो जातच नाही. तू तरी विचारलंस. वाकड्या वाटेनं का होईना, गव्हाणीचं नाव काढून विचारलंस. मी तर विचारलंही नाही. खोकला ऐकला आणि फोन ठेवला. तुझ्याच शब्दात सांगायचं तर वार पडायची वाट बघत बसलो.

निघताना दाजी दारापर्यंत आले. मला वाटलं, आता ते विषय सोडतील. तर म्हणाले, "गोठा न्हाई तर न्हाई. एक खुंटा तर रोवता येतो का न्हाई तुम्हाला?" हसून बोलले का चिडून, मला कळलं नाही. त्यांच्या डोळ्यांत दोन्ही होतं.

घरी आल्यावर मी पहार घेतली. खोल्यांसमोर सगळं काँक्रीट. पहार वाजत होती, आत जात नव्हती. अमोल बाहेर आला. "पप्पा, आत्ता तर कोबा केलाय. काय चाललंय?" तेवढ्यात कडेच्या खोलीतला रामनिवास, सेकंड शिफ्टला निघालेला, डबा हातात घेऊन थांबला.

"अंकल, यहाँ क्या लगाना है? गाडी के लिए पाइप?"

"खुंटा. गाय बांधने का."

"गाय! कब आ रही है?"

"अभी तो पैदा हुई है."

तो इतका हसला की डबा खाली ठेवला. मग आत गेला, कुणाकडून तरी ड्रिल मशीन घेऊन आला आणि शिफ्टला उशीर करून मला भोक पाडून दिलं. आबांच्या गोठ्यातला बाभळीचा एक खुंटा जळणात पडला होता, तो आणून ठोकला. अमोल म्हणाला, "गाडी लावायला अडचण होईल पप्पा. आणि हा कुणासाठी?"

साडीच्या दुकानात जमलं नव्हतं. या वेळी जमलं. मी त्याला सगळं सांगितलं, फोनसकट. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. आपल्याच घरचा आहे तो.

खुंटा तिरका बसलाय. तू असतीस तर उपटून परत ठोकायला लावला असतास, आणि मी तसाच ठेवला असता, आणि आपण त्यावरून वर्षभर भांडलो असतो. कालवड येईल तेव्हा येईल. टेम्पोत तिच्या पाठीवर हात ठेवून कोण उभं राहणार, ते मला माहीत नाही. मनीषा म्हणते, मी येईन. तिला मी सांगितलंय, तुला यायचं असेल तर कालवडीची वाट बघू नकोस.

खुंट्याच्या पलीकडं, दोन खोल्यांच्या मधून, दुपारी अजूनही ऊन पडतं. पूर्वीच्याच जागी, गोधडी मावेल एवढं. तिथं मी कुणाला गाडी लावू देत नाही.